नजरचूक

“काका, तुम्ही माझ्याकडे बघितलंत की!”

रस्त्यावर पडलेली ती मुलगी गुडघा झटकत मला म्हणाली. आवाजात राग कमी आणि नवल जास्त. पंधरा-सोळा वर्षांची असेल. सायकल आडवी पडली होती, पुढचं चाक अजून फिरत होतं आणि वाकलेलं मडगार्ड टायरला घासून खर्र खर्र आवाज करत होतं. मी आतल्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागत होतो. थांबलो होतो. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा. पहिला गिअर, क्लच सोडला, आणि बॉनेटसमोर अचानक सायकल. ‘अचानक’ हा शब्द माझा. तिच्या बाजूनं त्यात अचानक काहीच नव्हतं. ती लांबून सरळ येत होती, माझी मान तिच्या दिशेला वळलेली तिनं पाहिली होती, आणि यांनी आपल्याला पाहिलंय म्हणजे हे थांबणार, या भरवशावर ती पायडल मारत राहिली होती. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मी मडगार्ड हातानं ओढून सरळ केलं, पाणी दिलं, घरी सोडू का म्हणून विचारलं. नको म्हणाली. “दिसली नाहीस गं,” एवढंच मला सांगता आलं. ते तिला पटलं नाही हे दिसत होतं. खरं तर मलाही पटलं नव्हतं.

घरी आल्यावर हात धुताना मडगार्डचा काळा डाग निघत नव्हता. साबण लावता लावता मी मनातल्या मनात त्या प्रसंगाला नाव शोधत होतो. निष्काळजीपणा? पण मी थांबलो होतो, तीनदा पाहिलं होतं. घाई? घाई नव्हती. मग जो शब्द सापडला तो इतका चपखल होता की मला त्याचाच संशय आला. नजरचूक. चिठ्ठीत एखादी ओळ राहून गेली की आपण ‘नजरचुकीनं राहिली’ म्हणतो आणि विषय संपतो. या शब्दात एक सोय आहे. चूक माझी नाही, नजरेची आहे. जणू नजर ही कामाला ठेवलेली कुणी तिसरीच व्यक्ती.

नाव शोधण्याची ही खोड जुनी आहे. कॉलेज संपल्यावर काही महिने मी एका कार्यालयात अपघातांचे तक्ते संगणकात भरायचं काम केलं होतं. जागेवर जाऊन आलेल्या पोलिसानं हातानं भरलेला कागद यायचा आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक आकडा होता. उजेड होता का, रस्ता ओला की कोरडा, वळण की सरळ, गाडी कुठली, किती माणसं. आणि शेवटी ‘कारण’ नावाचा रकाना. चालकाची चूक, वाहनातला बिघाड, रस्त्याची स्थिती, हवामान, पादचाऱ्याची चूक, जनावर आडवं येणं, इतर. या रकान्यात एकच आकडा मावायचा. दोन टाकले तर संगणक पीं करून ओरडायचा. पहिल्या आठवड्यात मी भाबडेपणानं साहेबांना विचारलं, पाऊसही होता आणि ब्रेकही गेले होते, काय टाकू? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “चालकाची चूक टाक. पावसात हळू चालवायला काय झालं होतं?” त्या उत्तराला तोड नव्हती. कुठल्याही अपघाताला ते लागू पडत होतं. महिन्याभरात माझं बोट त्या एका कळीवर आपोआप जाऊ लागलं. कागद उलटायचा, कळ दाबायची, पुढचा कागद. आमचं काम वेगानं होण्यामागं त्या एका आकड्याचा वाटा मोठा होता.

एक कागद मात्र लक्षात राहिला. पहाटेची वेळ, सरळ रस्ता, कोरडा, समोर कुणी नाही, मालवाहू ट्रक झाडावर आदळलेला. ब्रेकच्या खुणा नाहीत. कारणाच्या रकान्यात चालकाची चूक, आणि त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं: झोप? प्रश्नचिन्हासकट. ब्रेक मारल्याची खूण नसणं हीच झोपेची खूण, हे त्या पोलिसाला अनुभवानं माहीत असणार. पण झोपेला आमच्याकडे आकडा नव्हता. मी कळ दाबली आणि कागद उलटला. पुढं केव्हातरी वाचलं की सतरा तास सलग जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो असं प्रयोगांत दिसलंय, तेव्हा तो पेन्सिलीचा शब्द डोळ्यासमोर आला. किती तासांपासून जागा होता तो? कुणी जागवलं होतं? माल कुठं आणि कधीपर्यंत पोचवायचा होता? आणि झोप ही चूक असेल तर ती नेमकी कुठल्या क्षणी घडली? डोळा लागला तेव्हा, की आदल्या संध्याकाळी ‘जमेल’ म्हणून त्यानं चावी हातात घेतली तेव्हा?

एकच आकडा टाकायची सक्ती नसली की काय होतं, याचं उत्तर १९७० च्या दशकातच मिळून गेलं होतं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या पथकांनी अपघातांच्या जागी जाऊन बारकाईनं तपास केला. १९७९ साली त्यांचा अहवाल आला. सुमारे ९३ टक्के अपघातांत माणसाचा हात होता. हा आकडा जगभर गाजला, अजून गाजतो. पण त्याच तक्त्यात पुढं लिहिलेलं होतं: सुमारे ३४ टक्क्यांत रस्ता आणि परिसर, सुमारे १३ टक्क्यांत वाहन. बेरीज करून पाहा. शंभराच्या कितीतरी वर जाते. कारण एका अपघाताला एकाहून जास्त कारणं असू शकतात, एवढी साधी मुभा त्यांनी स्वतःला दिली होती. आमच्या संगणकानं पीं केलं असतं. २०१५ साली अमेरिकेच्याच राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनानं ९४ टक्क्यांचा नवा आकडा दिला. पाच हजारांवर अपघात तपासून प्रत्येकाच्या साखळीतली शेवटची कडी कोणती, एवढंच त्यांनी नोंदवलं होतं, आणि याला अपघाताचं कारण समजू नये, यावरून दोषही ठरवू नये, असं तिथंच स्पष्ट लिहिलं होतं. पण तळटीप कोण वाचतं! ९४ टक्के अपघात चालकाच्या चुकीमुळे, हे वाक्य तेवढं सुटं होऊन फिरत राहिलं.

त्या अहवालातली पुढची फोड मला जास्त बोलकी वाटते. चालकाकडे गेलेल्या त्या अपघातांपैकी ४१ टक्क्यांत गोष्ट वेळेवर ध्यानातच आली नव्हती. ३३ टक्क्यांत ध्यानात आली पण निर्णय चुकला. आणि हात-पाय चुकले, म्हणजे स्टिअरिंग जास्त फिरलं किंवा गाडी आवरली नाही, असे फक्त ११ टक्के. बातम्यांची भाषा याच्या नेमकी उलटी आहे. ‘चालकाचा ताबा सुटल्यानं’ हे आपल्याकडचं लाडकं कारण. ताबा सुटला म्हणजे काय झालं, हे वाक्य कधीच सांगत नाही. टायर फुटला तरी ताबा सुटतो, डोळा लागला तरी सुटतो, फोन वाजला तरी सुटतो. बाकी मग ‘भरधाव’ आहेच, आणि कुणालाच धरायचं नसेल तेव्हा ‘काळाचा घाला’.

चुकांची प्रतवारी नीट लावायचा मोठा प्रयत्न केला तो जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं. १९९० साली मँचेस्टर विद्यापीठात त्यानं आणि सहकाऱ्यांनी ५२० चालकांपुढं पन्नास प्रश्नांची यादी ठेवली. सिग्नलला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी काढायचा प्रयत्न करता का? वायपर लावायला जाऊन दिवे लावता का? गाडी कुठं उभी केली ते विसरता का? मुद्दाम वेगमर्यादा मोडता का? उत्तरांतून ढीग वेगळे झाले. एकीकडे निरुपद्रवी विसरभोळेपणा, दुसरीकडे धोक्याच्या चुका, आणि तिसरीकडे जाणूनबुजून केलेले नियमभंग. नियमभंग वयाबरोबर कमी होत जातात, चुका होत नाहीत. पुरुष नियम जास्त मोडतात, स्त्रिया निरुपद्रवी विसराळूपणा जास्त कबूल करतात. हे वाचताना मला वाटलं, हे सगळे खण तर आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहेत. हात चुकला. विसरलो. अंदाज चुकला. आणि चौथा, ज्याला चूक म्हणतच नाहीत: माज. हात चुकला म्हणणाऱ्याला आपण सोडून देतो. अंदाज चुकला म्हणणाऱ्याला चार शब्द सुनावतो. माज म्हटलं की चर्चाच संपते.

आणि खण कोण वाटतं, ते पाहण्यासारखं आहे.

माझा अंदाज चुकतो, समोरच्याला माज असतो. मी नजरचुकीनं सिग्नल ओलांडतो, तो मुद्दाम तोडतो. मी वळताना दिवा लावायला विसरतो, त्याला गाडी कुणी दिली कोण जाणे. ओला स्वेन्सन नावाच्या संशोधकानं १९८१ साली चालकांना स्वतःच्या कौशल्याबद्दल विचारलं होतं. अमेरिकन गटातल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवलं. स्वीडिश गटात ६९ टक्क्यांनी, ते बिचारे थोडे नम्र. मी यावर हसलो होतो. मग स्वतःला विचारलं, मी कुठं बसतो? उत्तर क्षणात आलं. वरच्या अर्ध्यात, अर्थातच. वडिलांनी गाडी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बाकीचे सगळे वेडे आहेत असं समजून चालव.” तीस वर्षं मी ते पाळलं. बाकीच्यांनाही त्यांच्या वडिलांनी हेच सांगितलं असेल, हे कधी मनात आलं नाही.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हे सगळं लिहिणं लबाडी ठरेल. त्या मुलीच्या प्रसंगाच्या आठवडाभर आधी, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगानं जाताना मी फोनवर आलेला एक निरोप वाचला होता. एकच ओळ होती. तीन सेकंद लागले असतील. साठच्या वेगानं गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. पन्नास मीटर मी आंधळा होतो, आणि ते माहीत असून होतो. काहीही झालं नाही. फोन बाजूला ठेवला, गाणं ऐकत घरी आलो, झोप छान लागली. उलट त्या मुलीच्या वेळी मी सगळे नियम पाळले होते आणि त्या रात्री मात्र तीन वाजता जागा होतो. मनातला न्याय असा निकाल पाहून चालतो. सायकल पडली म्हणून गुन्हा, पडली नाही म्हणून गुन्हाच नाही. आमच्या तक्त्यांतही त्या पन्नास मीटरना जागा नव्हती. तिथं फक्त जे आदळलं तेच यायचं. जे आदळलं नाही त्याचा ढीग केवढा असेल, आणि त्यात माझे कागद किती, या विचारानं मला अजून कसंसं होतं. ‘नजरचूक’ या शब्दाचा मला संशय आला होता तो बहुधा यामुळंच. आठवडाभर आधीच्या माजाचं पाप मी या शब्दाच्या गंगेत धुवून घेत होतो.

तरीही त्या वळणावर नेमकं काय झालं, हा प्रश्न राहतोच. पुढच्या रविवारी मी गाडी तिथंच नेऊन उभी केली आणि बसून राहिलो. मागून येणाऱ्यांना हातानं पुढं जा म्हणत होतो. पहिली गोष्ट दिसली ती गाडीच्याच पुढच्या काचेशेजारचा खांब. रोज त्याच्या आडून पाहतो, पण त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मागं अख्खी सायकल बसते, माणसासकट. खोच अशी की धडकेच्या मार्गावर असलेल्या दोन गोष्टींचा वेग कायम असेल, तर एकीला दुसरी सतत त्याच कोनात दिसते. खलाशांना हे पूर्वापार ठाऊक आहे: ज्या जहाजाची दिशा बदलत नाही त्याच्याशी टक्कर होणार. म्हणजे मी हळूहळू पुढं येत असताना ती खांबाआड गेली असेल, तर ती खांबाआडच राहणार. जी चुकणार असते ती हलते, दिसते. जी आदळणार ती जागची हलत नाही, आणि न हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा फिरकत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याचीच. मान फिरवताना डोळा सलग पाहत नाही, उड्या मारत जातो, आणि प्रत्येक उडी चालू असताना मेंदू चित्र बंद ठेवतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढ्या जागेत काय ते स्पष्ट दिसतं. बाकी सगळं मेंदू अंदाजानं रंगवतो. मी ‘रस्ता पाहिला’ म्हणजे रस्त्यावरचे तीन-चार ठिपके पाहिले आणि मधली जागा मोकळी असल्याचं गृहीत धरलं. सायकल अंगानं बारीक. दोन ठिपक्यांमध्ये आरामात मावते.

तिसरी गोष्ट कबूल करायला सगळ्यात जड. मी गाड्या शोधत होतो. ज्यांच्यापासून मला धोका आहे, त्या. फिनलंडमधल्या हेलसिंकीत हेक्की सुमाला हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली छेदरस्त्यावर उजवीकडे वळणाऱ्या चालकांच्या माना कुठं वळतात ते पाहिलं. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून वळणाऱ्याला भीती डावीकडून येणाऱ्या गाड्यांची. उजवीकडून सायकलमार्गावरून येणाऱ्याकडे बरेचजण पाहतच नव्हते. मला त्यातलं आवडलं ते पुढचं. त्या चालकांना कुणी उपदेश केला नाही. रस्त्यावर उंचवटा आणि थांबण्याची खूण, असे वेग कमी करणारे उपाय केले, तर माना आपोआप उजवीकडेही वळू लागल्या. माणसं तीच, डोळे तेच. हळू आल्यामुळे पाहायला वेळ मिळाला.

हे वाचलं तेव्हा मला विमानांची ती जुनी गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर चाकंच आत ओढून घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. कारणाच्या रकान्यात ‘वैमानिकाची चूक’. आल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञानं विमानात डोकावून पाहिलं, तर चाकांची आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारीशेजारी आणि सारखीच. मग एका कळीला रबरी चाकाचा आकार दिला, दुसरीला पंखाच्या झडपेचा. हाताला फरक कळू लागला. १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ‘चुकांचे’ ४६० किस्से जमवून लावले, तेव्हा जवळपास निम्मे असेच निघाले, एकाऐवजी दुसरीच कळ ओढण्याचे. मी मित्राची गाडी चालवताना वळण्याआधी प्रत्येक वेळी वायपर लावतो. माझ्या गाडीत ज्या हाताला इंडिकेटर, त्याच्या गाडीत त्या हाताला वायपर. कोरड्या काचेवर रबर किरकिरतं आणि शेजारी बसलेला मित्र हसतो. त्या हसण्यात मी बावळट ठरतो. त्या दोन दांड्यांबद्दल कुणी काही म्हणत नाही.

मला हे सगळं सुटकेसाठी नको आहे. खांब होता, मेंदू चित्र बंद ठेवतो, रस्त्याला उंचवटा नव्हता, हे सांगत बसलो तर मी पुन्हा हात धुतच बसलेला असेन. पण ‘चालकाची चूक’ ही कळ दाबून कागद उलटायची सवयही मला आता नकोशी झाली आहे. स्वीडनच्या संसदेनं १९९७ साली ठरवलं की माणसं चुकणारच, तेव्हा चुकीची शिक्षा मरण असू नये एवढं रस्त्यानं पाहावं. गाडी आणि चालणारा माणूस एकत्र येतात तिथं ताशी तीसच्या वर वेग नको, कारण त्यापुढचा आघात अंगाला झपाट्यानं सोसेनासा होतो. मी त्या दिवशी जागेवरून नुकताच सुटलो होतो. वेग ताशी पाच-सात असेल. ती उठून बोलू शकली ती त्या पाच-सातमुळं. माझ्या दक्षतेमुळं नव्हे. इंजिन थंड होतं, म्हणून मी क्लच हळू सोडला होता. कुठल्या रकान्यात टाकायचं हे?

मराठीत चूक या शब्दाचं गोत मोठं आहे. खड्डा चुकवतो, वाट चुकते, नेम चुकतो, गर्दीत चुकामूक होते. त्यातला चुकामूक हा शब्द मला त्या मुलीच्या संदर्भात आठवत राहतो. चुकामूक एकट्याची होत नाही. तिनं माझी वळलेली मान पाहिली आणि त्या मानेलाच नजर समजली. मी तिच्या दिशेला पाहिलं आणि त्याला पाहणं समजलो. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून एकमेकांना चुकवलं.

परवा ती पुन्हा दिसली. तेच वळण, संध्याकाळची वेळ. आता मी तिथं थांबलो की पुढं वाकून, खांबाच्या अलीकडून आणि पलीकडून, असं दोनदा पाहतो. कुणी शेजारी असेल तर काय शोधतोयस म्हणून विचारतं. या वेळी ती लांबूनच दिसली. मडगार्ड नवं होतं. ती जवळ आली आणि माझ्यापासून पंधरा-वीस फुटांवर तिनं ब्रेक दाबले, एक पाय जमिनीवर टेकवला. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी हातानं जा म्हटलं. ती हलली नाही. मी हसलो, मान डोलावली, पुन्हा जा म्हटलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. माझ्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहत होती.